कारण कोणी द्यायचं?

एका वाचकाने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शहरापासून पंचवीस किलोमीटरवर शेतघर, आजूबाजूला वस्ती नाही, वर्षभरात दोनदा चोरी. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला, सात महिने गेले आणि उत्तर आलं, "सबळ कारण दिसून येत नाही, सबब अर्ज नामंजूर करणेत येत आहे." धाकटे बंधू न्यू जर्सीत असतात. त्यांनी मागच्या वर्षी पिस्तूल घेतलं, ते अंगावर बाळगायचा परवानाही काढला. "तिथे हक्क म्हणून मिळतं, इथे भीक मागावी लागते. असं का? आणि आता मी काय करू?"

मी महसूल खात्यात ३१ वर्षं काढली. त्यातली नऊ वर्षं वेगवेगळ्या जिल्ह्यांत दंडाधिकारी शाखेत गेली, म्हणजे शस्त्र परवान्यांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. तुम्हाला आलेल्या त्या एका ओळीसारख्या ओळी मी स्वतः लिहिल्या आहेत. तेव्हा हे उत्तर अगदी धुतल्या तांदळाच्या माणसाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आधी बंधूंचं बघू. २०२२ च्या जूनपूर्वी त्यांनी न्यू जर्सीत पिस्तूल बरोबर घेऊन फिरायचा परवाना मागितला असता, तर बहुधा त्यांनाही तुमच्यासारखंच उत्तर आलं असतं. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात १९११ पासून सलिव्हन कायदा होता. बाहेर बाळगायचं हत्यार हवं तर 'योग्य कारण' दाखवा, असं तिथलं कलम सांगायचं आणि 'माझ्या भागात चोऱ्या होतात' हे योग्य कारण धरलं जात नसे. इतरांपेक्षा तुम्हालाच वेगळा धोका आहे, हे दाखवावं लागे. न्यू जर्सीचा नियम शब्दाने वेगळा, पण जातीने तोच. कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, हवाई, सगळीकडे हाच प्रकार. म्हणजे आपल्या कलेक्टर कचेरीत बसलेला कारकून आणि तिथला अधिकारी शंभर वर्षं एकच प्रश्न विचारत होते : तुम्हालाच का?

२३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचं ते कलम उडवलं. त्याआधी २००८ मध्ये हेलर खटल्यात घरात स्वसंरक्षणासाठी हत्यार ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरला होता, तो पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी. २०१० मध्ये मॅक्डोनल्ड खटल्यात तो हक्क राज्य सरकारांवरही बंधनकारक झाला. ब्रुएनने एक पाऊल पुढे टाकलं. हत्यार का हवं हे नागरिकाने सांगायचं नाही. ते का देता येत नाही हे सरकारने सांगायचं, आणि तसं बंधन देशाच्या इतिहासात होतं असं दाखवूनच सांगायचं.

सगळा फरक इथे आहे. तिथली बंदूक सोपी आणि आपली अवघड, एवढ्यावर बोलणं संपत नाही. कारण देण्याचं ओझं कोणाच्या डोक्यावर, हा खरा मुद्दा.

'हक्क' म्हटलं की दुकानात जाऊन बटाटे आणावेत तसं असेल, असं आपल्याला वाटतं. टेक्साससारख्या राज्यात २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही, हे खरं. पण तुमच्या बंधूंनी न्यू जर्सीत काय काय केलं ते त्यांना एकदा विचारा. खरेदीसाठी ओळखपत्र, प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी, बोटांचे ठसे, मानसिक आजाराच्या नोंदींची तपासणी, ओळखीच्या माणसांची नावं, आणि बाहेर बाळगायचं तर प्रशिक्षण. शिवाय शाळा, न्यायालय अशा ठिकाणी ते नेता येत नाहीच. बंधूंकडे ग्रीन कार्ड असणार. एच वन बी व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्यानेच हत्यार बाळगायला बंदी आहे. आपली बरीच मुलं तिथे याच व्हिसावर असतात आणि मित्राबरोबर नेमबाजीच्या मैदानावर फोटो काढून इकडे पाठवतात. त्यांच्या आईवडिलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणि ब्रुएननंतर दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच न्यायालयाने रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की जोडीदाराला धोका असल्याचं न्यायालयाने ठरवलेल्या माणसाचं हत्यार काढून घेता येतं. हक्क मानणाऱ्या देशातही 'हा माणूस धोक्याचा आहे का' हा प्रश्न सुटलेला नाही. सुटणारही नाही.

आता आपल्याकडे. 'इंग्रजांनी नि:शस्त्र केलं आणि आपल्या सरकारने तेच चालू ठेवलं' असं तुम्ही लिहिलंत. पूर्वार्ध बरोबर आहे. व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा हिंदी माणसाला परवाना मागायला लावायचा आणि गोऱ्याला सूट द्यायचा. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांना वेसण घालणारा कायदाही त्याच वर्षीचा. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि खुद्द गांधीजींनी इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत या कायद्याला सर्वांत काळं ठरवलं. अहिंसावाल्या माणसाचं हे वाक्य बंदूकवाल्यांच्या सभांमध्ये हमखास ऐकू येतं. ते त्यांनी १९१८ मध्ये, महायुद्धासाठी सैनिक भरती करण्याच्या पत्रकात लिहिलं होतं, हे मात्र कोणी सांगत नाही.

१९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. पण शब्द नीट पाहा. 'त्याबाबत केलेल्या नियमांना आणि निर्बंधांना अधीन राहून' हक्क. नियम त्याच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेले होते.

उत्तरार्ध मात्र तितका सरळ नाही. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा म्हणून दुरुस्ती मांडली. कराचीत मागितला होतात, आता का देत नाही, असा बिनतोड वाटणारा सवाल. डॉ. आंबेडकरांच्या उत्तराचा आशय असा होता की परक्या सरकारने नि:शस्त्र केल्याच्या रागातून ती मागणी आली होती. आता परिस्थिती बदलली आहे. आणि सरसकट सगळ्यांना हा हक्क देणं शक्य नाही. पुढे जाऊन ते म्हणाले की आपण आग्रह धरायचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, तर देश संकटात असताना शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा. दुरुस्ती फेटाळली गेली. हे विसरून किंवा राहून गेलं असं नाही. समोर ठेवून, चर्चा करून, नको म्हटलं.

न्यायालयांत हा विषय पुन्हा डोकावला. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी साधं, म्हणजे बंदी नसलेल्या प्रकारातलं, हत्यार बाळगणं हे जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं, आणि तीन महिन्यांत अर्जावर निर्णय झाला नाही तर परवाना मिळाला असं समजावं असंही. आमच्या खात्यात तेव्हा धावपळ उडाली होती. न्यायालय उत्तर प्रदेशातलं, पण फायली इथेही भराभर हलल्या! काही वर्षांतच त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने तो निकाल मोडीत काढला आणि फायली पुन्हा आपल्या चालीने चालू लागल्या. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना हत्यारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेसारखा हक्क आपल्या घटनेत नाही हे पुन्हा स्पष्ट केलं.

एक अपवाद आपल्या शेजारीच आहे. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये कोडवा समाज आणि तिथले जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काच्या जमिनीचे धारक यांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. तिकडे सण आणि बंदूक यांची सांगड आपल्याकडच्या दसऱ्यापेक्षा घट्ट. केंद्राने ही सूट २०२९ पर्यंत वाढवली आहे, आणि तिला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळलं. त्यामुळे 'आपल्या देशात परवान्याशिवाय बंदूक नाहीच' हेही पूर्ण खरं नाही.

आता जी गोष्ट तुमच्या कामाची आहे, आणि जी परवान्याच्या अर्जदारांना तर सोडाच, शाखेत बसणाऱ्या निम्म्या लोकांनाही माहीत नसते.

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ उघडा. पोटकलम ३ मध्ये दोन दारं आहेत. पहिल्या दारातून जाणारा म्हणजे ज्याला किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत, म्हणजे साधी बारा बोरची बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी आहे, किंवा पीक राखायला ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, हवी आहे, किंवा जो मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सदस्य आहे. त्याच्याबाबत कायदा म्हणतो, परवाना 'देईल'. दुसरं दार उरलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, रायफल. तिथे 'योग्य कारण आहे अशी खात्री पटल्यास' असे शब्द आहेत. दोन्ही दारांवर कलम १४ चा पहारेकरी उभा आहेच : माणूस अपात्र असेल, मनाने स्थिर नसेल, सार्वजनिक शांततेला धोका वाटत असेल, तर नकार. पण 'तुम्हालाच का?' हा प्रश्न कायद्याने फक्त दुसऱ्या दारावर ठेवला आहे.

कायदा करणाऱ्यांनी हे विचार करूनच केलं. लांब नळीची बंदूक खिशात मावत नाही, शर्टाखाली लपत नाही, लग्नाच्या वरातीत कमरेला लागत नाही. ती घराचं किंवा शेताचं राखण करते. रिव्हॉल्व्हर माणसाबरोबर फिरतं. भारतीय कायद्यात अमेरिकन हक्काची छोटीशी बहीण शोधायचीच असेल तर ती या पहिल्या दारात आहे. प्रत्यक्षात काय होतं? दोन्ही दारं एकाच छापील अर्जाने उघडतात, एकाच पोलीस ठाण्याकडे चौकशीला जातात, आणि पोलिसांचा एकच ठरलेला अहवाल येतो, "परवाना देणेत येऊ नये." त्यामुळे पहिलं दार आहे हेच लोक विसरले.

तुम्ही शेतघरासाठी रिव्हॉल्व्हर मागितलंत. मला सांगा, रात्री दोन वाजता अंधारात, अंगणात हालचाल दिसते आहे, आणि तुमच्या हातात दोन इंच नळीचं रिव्हॉल्व्हर. तुम्ही ते वर्षातून किती वेळा चालवणार? मी प्रशिक्षणाच्या वेळी धडधाकट माणसांना दहा पावलांवरचा पुठ्ठा चुकवताना पाहिलं आहे. बहुतेक अर्जांत 'संरक्षण' लिहिलेलं असतं आणि वाचताना 'रुबाब' ऐकू येतं. तुमच्या बाबतीत तसं आहे असं मी म्हणत नाही. पण तुमचा अर्ज वाचणारा अधिकारी सकाळपासून तसे आठ अर्ज वाचून बसलेला असतो.

आता आमच्या बाजूची चूक. कलम १४ चं पोटकलम ३ स्पष्ट सांगतं की नकार द्यायचा तर कारणं लेखी नोंदवायची आणि अर्जदाराने मागितली तर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यायचं, सार्वजनिक हिताच्या आड येत असेल तेवढा अपवाद सोडून. त्याच कलमात आणखी एक सुंदर वाक्य आहे : केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारू नये. ते १८७८ च्या कायद्याखाली चाललेल्या 'प्रतिष्ठित इसम' प्रथेवर काढलेलं उत्तर होतं. तरीही आमच्या फायलींना सातबाराचा उतारा, प्राप्तिकराचं विवरण आणि बँकेची शिल्लक लागायचीच. कोणी लावायला सांगितलं, हे विचारायचं नसतं. आधीच्या फायलीला होतं म्हणून या फायलीलाही.

एकदा माझीच एक फाईल अपिलातून परत आली. अर्जदार एक पतसंस्थेचा रोखपाल, आठवड्यातून तीनदा रोकड घेऊन एकटा घाटातून येणारा. मी टिपणीत लिहिलं होतं, "पोलीस अहवाल प्रतिकूल. सबब नामंजूर करणे योग्य राहील." वरिष्ठांनी सही केली. अपिलात विचारलं गेलं की पोलीस अहवाल प्रतिकूल का आहे, हे कोणी वाचलं का? मी फाईल पुन्हा उघडली. अहवालात एवढंच होतं की सदर इसमाचे चारित्र्य चांगले आहे, त्याचेविरुद्ध गुन्हा दाखल नाही, तथापि परवाना देण्याची शिफारस नाही. या 'तथापि'च्या मागे काहीच नव्हतं. ठाणेदाराला उद्या काही झालं तर आपलं नाव नको होतं, मलाही नको होतं. शंभर 'नाही' लिहिणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, एक 'हो' लिहिणाऱ्याच्या बढतीवर येऊ शकतं. अमेरिकेत नागरिकाकडून कारण मागणंच बंद केलं, ते मला पटत नाही. पण आपल्याकडे नागरिकाने कारण द्यायचं आणि सरकारने द्यायचं नाही, हे कायद्यातही नाही आणि न्यायातही नाही.

याची उलटी बाजू बीडने दाखवली. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, त्यानंतर चर्चा निघाली आणि त्या एका जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. परवानाधारकांत गुन्हे दाखल असलेलेही होते. मग छाननी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. योग्यच झालं. पण यातल्या प्रत्येक परवान्याच्या फाईलमध्ये केव्हातरी एक चौकशी अहवाल लागला असणार. तुम्हाला एका ओळीत 'नाही' म्हणणारी पद्धत आणि त्यांना 'हो' म्हणणारी पद्धत वेगळी नाही. कारण लिहायची सवय नसली की 'नाही' भित्रं होतं आणि 'हो' कोणाच्या तरी फोनवर चालतं.

बंदूकवाल्यांचा नेहमीचा युक्तिवाद असा की परवानाधारक गुन्हे करत नाहीत, गुन्हेगार गावठी कट्टा वापरतात. यात तथ्य मोठं आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून, नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टी आहे. तिथून येणारी पिस्तुलं खानदेशापासून पुण्यापर्यंत पकडली जातात, आणि त्यासाठी कोणी अर्ज क्रमांक ए-१ भरलेला नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना साधं हत्यार बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं केली, बेकायदा बनवणं-विकणं जन्मठेपेपर्यंत नेलं. त्याच दुरुस्तीने परवानाधारकाची हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं केली. कट्टेवाल्याला या दोन्ही शेवटच्या बदलांचा काही फरक पडला नाही, हे मलाही दिसतं.

पण 'परवानाधारक गुन्हे करत नाहीत' हे पुढे ओढू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरला पोलीस ठाण्याच्या आत आमदाराने गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला, तेव्हा हत्यार परवान्याचं होतं. आठवडाभराच्या आतच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तेही पिस्तूल परवान्याचंच, फक्त परवाना मारेकऱ्याच्या नावावर नव्हता, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता आणि परराज्यातून काढलेला होता. आणि जी प्रकरणं वर्तमानपत्रात येत नाहीत ती मी पाहिली आहेत. बांधाच्या भांडणात पीक राखायच्या बंदुकीने चुलतभावाच्या पायात छर्रे घालणारा शेतकरी. त्याच्याही चौकशीत 'चारित्र्य चांगले' होतं, आणि ते खोटंही नव्हतं. संध्याकाळी सात वाजेपर्यंत तो माणूस खरंच चांगला होता.

कोकणाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण बंदुकीची खरी गरज मी तिथे पाहिली. काजू-आंब्याच्या बागांत वानरं उतरतात, भातात रानडुकरं शिरतात. घरटी एखादी ठासणीची बंदूक, आजोबांच्या नावावरून बाबांच्या, बाबांच्या नावावरून मुलाच्या. दारू, केप, छर्रे, ठासायचा गज, सगळं माळ्यावर. बहुतेक वेळा तिचं काम एवढंच, की बार काढायचा आणि आवाजाने वानरं पळवायची. परवाना आहे म्हणून जनावर मारता येतं असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. परवाना शस्त्र कायद्याखाली मिळतो, रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतं. त्याला मारायला वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. शेतावर आलेला गवा मारून तुरुंगाची वाट धरलेले लोक आहेत.

तर या बंदुका लोकसभेची निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. निवडणूक एप्रिल-मे मध्ये, म्हणजे काजूचे बोंडू पिकायला आणि हापूस उतरायला लागतो त्याच सुमाराला. म्हातारी माणसं एसटीने बंदूक गोणपाटात गुंडाळून आणायची, ठाण्याच्या खोलीत ती चिठ्ठी बांधून रचली जायची आणि पावसाच्या तोंडावर परत मिळायची ती गंजून. गोव्यातल्या एका याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सगळ्यांची सरसकट हत्यारं जमा करून घेऊ नका. छाननी समितीने एकेक परवाना तपासावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले अशांवर लक्ष द्यायचं. तरी ठाण्यातून फोन येतो, "काका, जमा करून टाका हो, उगाच कशाला." आणि काका जमा करतात. पुन्हा तेच. कारण विचारायची सवय काकांनाही नाही.

आता तुम्ही काय करायचं.

पहिलं, अपील करा, पण कोऱ्या रागाने नको. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांची मुदत धरा. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा असेल तर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांचा असेल तर गृह विभागाकडे. त्याआधी पोलीस अहवालाची आणि टिपणीची नक्कल मागा. सहज मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा. अहवालात 'तथापि' असेल तर तेच तुमचं अपील. २०१६ च्या नियमांनी पोलीस चौकशीला आणि निर्णयाला मुदती घातल्या आहेत, सात महिने त्यात बसत नाहीत, हेही लिहा. पण निव्वळ उशीर झाला म्हणून परवाना मिळत नाही. काटजूंचा निकाल आता नाही.

दुसरं, आणि माझ्या मते महत्त्वाचं : रिव्हॉल्व्हरचा हट्ट सोडून बारा बोरचा नवा अर्ज करायचा का, याचा शांतपणे विचार करा. केलात तर अर्जातच कलम १३(३) मधल्या पहिल्या दाराचा उल्लेख करा. दोन्ही चोऱ्यांच्या फिर्यादींच्या प्रती लावा. तुम्ही फिर्याद दिलीच नसेल, आणि निम्मे लोक देत नाहीत, तर कागदोपत्री तुमच्याकडे चोरी झालेलीच नाही. सुरक्षा प्रशिक्षणाचं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हत्यार कुठे ठेवणार हे लिहा : भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी, काडतुसं वेगळी, किल्ली कोणाकडे. शेतघरात तुम्ही आठवड्यातून दोनच दिवस राहत असाल तर उरलेले पाच दिवस ती बंदूक कुठे असेल? हा प्रश्न मी अधिकारी असतो तर सर्वांत आधी विचारला असता. रिकाम्या घरातली बंदूक म्हणजे चोराला दिलेली भेट.

नुसता आवाज करून माकडं, कुत्री हाकलायची असतील तर ०.१७७ इंचाची, वीस ज्यूलपेक्षा कमी जोराची एअरगन परवान्याशिवाय मिळते. माणसावर ती रोखू नका. आणि परवाना नाही म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क नाही, असं समजू नका. तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे आणि तो काठीनेही बजावता येतो.

परवाना मिळालाच तर घरात बायकोला आणि मुलाला कागद कुठे आहेत ते सांगून ठेवा. नवरा गेल्यावर ट्रंकेत बंदूक सापडली आणि दोन वर्षं तशीच राहिली, म्हणून घाबरून आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. परवाना माणसाबरोबर संपतो. हत्यार लगेच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसाने अर्ज करायचा. परवानाधारक हयात असतानाही, वयाची सत्तरी झाली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं की ते वारसाच्या नावावर करायचा अर्ज देता येतो. तो वेळेआधी केलेला बरा.

शेवटी बंधूंसाठी एक निरोप. ते दिवाळीला येणार असतील तर निघण्यापूर्वी बॅगेचे सगळे कप्पे उलटे करून झटकायला सांगा, विशेषतः जी बॅग नेमबाजीच्या मैदानावर नेतात ती. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणांत दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जातो. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता असं सांगून अशी प्रकरणं उच्च न्यायालयांत रद्द होतात, पण तोवर पासपोर्ट अडकलेला असतो आणि तिकडची रजा संपलेली असते.